फळीबाहेरचं घर

शाळेच्या मागच्या खोलीत आता खिचडीची भांडी ठेवतात. तिथल्या खिडकीचे दोन गज तुटले आहेत आणि माकडं आत येऊ नयेत म्हणून कोणीतरी आतून एक फळी ठोकली आहे. प्लायवूडची, पाण्यानं फुगलेली, कडांचे पापुद्रे सुटलेले. मी पाणी प्यायला म्हणून तिकडं गेले आणि फळीवरचा निळा ऑइलपेंट दिसला. आमचे गाव. गट क्रमांक तीन. अक्षर माझंच होतं, आणि आताच्यापेक्षा बरं होतं.

त्या दिवशी मी त्या गावात शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायला गेले होते. विषय होता गटकार्य आणि नेतृत्वगुण. गेली काही वर्षं मी हेच करते. फळ्यावर एक मोठा गोल काढायचा, त्याला बाण जोडायचे, बाणांच्या टोकांशी विश्वास, संवाद, जबाबदारी असले शब्द लिहायचे. शिक्षक बिचारे चहा येईस्तोवर ऐकून घेतात. माझी ह्या कामाबद्दल तक्रार नाही. फक्त ते मी त्याच शाळेत करावं, हा योग जरा जास्तच झाला.

वडील ग्रामसेवक होते. बदली होऊन आम्ही त्या गावात आलो तेव्हा मी सहावीत होते आणि आठवी संपली तेव्हा गेलो. तालुक्याचं बाभुळगाव तिथून सात-आठ किलोमीटर. ग्रामपंचायतीला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर, दारात कढीपत्त्याचं झाड, समोर पार. आमच्याकडं शेत नव्हतं. गावातल्या पोरांना ते फार नवलाचं वाटे. वावर नाही म्हणजे हे लोक सकाळी उठून जातात तरी कुठं, असं एकीनं मला सरळ विचारलं होतं.

ती वर्षं कशी होती, हे मला पुढं मोठेपणी वर्तमानपत्रं चाळताना जास्त कळलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज छापून यायचं. पांढऱ्या गाड्या यायच्या, कॅमेरेवाले उतरायचे, पाराजवळ उभे राहून ते घर कुठलं म्हणून विचारायचे, आणि आम्ही पोरं बोट दाखवायला पुढं. त्याचं वाईट वाटत नव्हतं. आता वाटतं, पण तेव्हा नव्हतं वाटत. आठवतो तो वासच जास्त. फवारणी करून आलेल्या माणसांच्या सदऱ्यांचा वास, नाकाच्या मागं जाऊन बसणारा. आणि घराघरांत साठवलेल्या कापसाचा. तो वेगळा, ऊन खाल्लेल्या धुळीचा, जरासा तेलकट. मागच्या हंगामातला कापूस भाव येईल म्हणून कित्येकांनी विकलाच नव्हता. आमच्या वर्गातल्या गजाननच्या घरी बसायची खोली आढ्यापर्यंत भरलेली होती. तो रात्री कापसावर झोपायचा आणि दिवसभर वर्गात पाठ खाजवायचा.

भाद्रपद पौर्णिमा झाली की आम्हा मुलींची भुलाबाई बसायची. महिनाभर रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं, फुटाणे की शेंगदाण्याची चिक्की. मला एकदाही ओळखता आलं नाही. माझ्या वर्गातली रेखा भुलाबाईला येत नसे, त्यांच्याकडं ते नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी तिला डबा कसा वाजला ते सांगायची आणि ती चालता चालता बरोबर सांगून टाकायची. हुशार होती. वर्गात मात्र तिसऱ्या बाकावर बसून खाली मान घालून असायची, त्यामुळं बाईंना ते कधी कळलं नाही.

त्याच दिवसांत कार्यानुभवाच्या बाईंनी गट पाडले. दिवाळीच्या सुटीआधी प्रदर्शन होतं, जिल्ह्याहून परीक्षक येणार होते आणि शाळेतली सगळ्यांत चांगली वस्तू यवतमाळच्या प्रदर्शनाला जाणार होती. आमच्या गटात चौघं. मी, रेखा, गजानन, आणि तांड्यावरची कविता, जी घरी आईला याडी म्हणायची आणि बाईंसमोर चुकून तसं बोलली की लाल व्हायची. माझं अक्षर चांगलं म्हणून मी गटप्रमुख. नेतृत्वाला तेव्हा एवढं पुरत असे. मला वाटतं, अजूनही पुरतं.

मातीचं गाव करायचं, हे मीच ठरवलं. वडिलांच्या कपाटातून गावठाणाचा नकाशा आणला, त्यावर चौकटी आखल्या आणि त्याच मापानं फळीवर. पार इथं, मारुती इथं, शाळा, ग्रामपंचायत, तिच्या शेजारी आमचं क्वार्टर. ते मी जरा मोठंच आखलं. तांडा टेकडीवर म्हणून वरच्या कोपऱ्यात बसला. खाली नाला आला आणि फळी संपली.

रेखा बराच वेळ फळीच्या त्या कडेशी उकिडवी बसून होती.

“माह्यं घर कुठी आलं मंग?” तिनं विचारलं.

त्यांची वस्ती नाल्याच्या पलीकडं होती. विहार, निळा झेंडा, पंधरा-वीस घरं. विहाराच्या मागचं तिसरं घर तिचं. नकाशावरही गावठाणाची रेघ नाल्यापाशीच थांबत होती, हे मी तिला दाखवलं. खरंच थांबत होती. मी काही मनात धरून केलं नव्हतं. पण फळी कुठल्याही बाजूनं संपू शकली असती, आमचं क्वार्टर थोडं लहान काढलं असतं तर नालाही वर सरकला असता, हे मला सुचलं नाही, आणि सुचलं नाही ह्याचंच आज जास्त वाटतं.

“जागाच नाही ना वं,” मी म्हटलं. “उरली तर बघू.”

“एखांदं लाव. एवढुसंक.” तिनं बोटाच्या पेरानं दाखवलं. मग नाल्याच्या निळ्या रेघेकडं पाहत म्हणाली, “दिवाळी झाली का आमी बल्लारपूरले चाललो. बाबाले तिकडं काम भेटलं. घर कोनाले तरी देऊन राह्यले. मी नसन त घर तरी राह्यते ना ह्याच्यात.”

मी बघू म्हटलं. बघू हा शब्द वडील ऑफिसात दिवसातून पन्नास वेळा वापरायचे, मला तो चांगला जमत होता.

माती नाल्याकाठची, काळी. ती वाळली की हातभर भेगा पडतात, हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. मूर्तिकार मातीत कापूस घालतात, त्यानं ती धरून राहते, असं मी वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं, आणि वाचलेलं सांगायची मला भारी हौस. गजाननला म्हटलं, कापूस आण. त्यानं दुसऱ्या दिवशी अर्धं पोतं आणून ओतलं. घरात जागा झाली म्हणून त्याची आई उलट खूश.

रेखानं मूठभर उचलला, बोटांनी चाचपला.

“सरकी काढा लागते ह्याच्यातली,” ती म्हणाली. “रुई करा लागते. असा नाही चालत.”

“कायले?” गजानन म्हणाला. “सरकीनं काय होते?”

“उगवन ना बे. ओलं ठेवतो आपण.”

अर्धं पोतं कापूस, त्यातली एकेक सरकी बोटांनी ओढून काढायची. कविता म्हणाली, चौघं बसलो तर तीन दिवसांत होते. ती लगेच मांडी घालून बसलीसुद्धा. आता आठवलं की वाटतं, ते तीन दिवस काय सुंदर गेले असते. बोटं चालत असती, गप्पा चालल्या असत्या, कवितानं तिची गाणी म्हटली असती. पण मला घाई झाली होती. गट क्रमांक एकचा विहिरीवरचा रहाट तयारही झाला होता. आणि खरं सांगायचं तर पुस्तकातलं मी सांगितलेलं असताना रेखानं त्यात चूक काढावी, हे मला खपलं नाही.

“पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही,” मी म्हटलं. “तसाच घाला. गटप्रमुख मी आहे.”

रेखानं पंजाबी ड्रेसच्या बाह्या वर केल्या, कापूस मातीत घातला आणि पायानं तुडवून, हातानं मळून दिला. तिच्यासारखी माती आमच्यात कोणाला मळता येत नव्हती. कोपरापर्यंत काळे हात, मधेच कपाळावरचे केस मनगटानं मागं सारायची, आणि कपाळावर काळा पट्टा उमटायचा. आम्ही घरं थापली. कवितानं तांड्याच्या भिंतींना आरशाचे बारीक तुकडे लावले. गजाननचा मारुती जरा बैलासारखा झाला होता, त्यावर आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यापुरतं मी प्रमुख आहे हे विसरले होते. ओल्या मातीचा गार वास, वरून वर्गाच्या कौलांतून आलेला उन्हाचा एक कवडसा, चौघांची डोकी एकमेकांना लागलेली. भांड्यांच्या त्या खोलीत फळीसमोर उभी राहिल्यावर पहिल्यांदा मला तेच आठवलं, बाकीचं नंतर.

गाव एकदम वाळू नये म्हणून त्यावर गोणपाटाचा ओला बारदाना टाकला. तो रोज सकाळी शिंपडायचं काम रेखाचं, कारण ती लवकर यायची. आठव्या दिवशी, सोमवारी, तिनं बारदाना उचलला आणि मला बोलवायला धावत पारापर्यंत आली.

गाव उगवलं होतं. शाळेच्या छपरातून, पाराच्या चौथऱ्यातून, मारुतीच्या पाठीतून दोन दोन पानांचे कोंब वर आले होते, लालसर देठांचे. काहींच्या डोक्यावर सरकीचं टरफल अजून तसंच होतं, त्याला पांढरा तंतू चिकटलेला. कोंब जिथून निघाला तिथं भिंत उकलली होती. आमच्या क्वार्टरचे तर दोन तुकडे झाले होते. ते मोठं होतं, त्यात मातीही जास्त होती आणि सरकीही.

बाई आल्या. कंबरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते.

“माती कोणी मळली?” त्यांनी विचारलं.

“रेखानं,” मी म्हटलं.

ह्यात खोटं काही नव्हतं. रेखानं माझ्याकडं पाहिलं. बाई तिला बरंच बोलल्या. एवढ्या मोठ्या शेतीच्या गावात राहून सरकी कळत नाही का, गटाचं वाटोळं केलं, वगैरे. तिला तो तासभर वर्गाबाहेर उभं केलं. गजानन काहीतरी बोलायला लागला तर मी त्याच्या पायावर पाय दिला. कविता नखं कुरतडत होती. दाराच्या फटीतून मला रेखाची एक वेणी दिसत होती. ती रडत नव्हती, मैदानातल्या शेळ्या पाहत होती.

मंगळवारी परीक्षक आले. चष्मेवाले, उंच, खांद्याला शबनम. रहाट त्यांनी फिरवून पाहिला, मान हलवली आणि पुढं आले. आमच्या फळीसमोर थांबले. बाईंनी कोपऱ्यात सरकवलं होतं ते त्यांनी दोन्ही हातांनी उजेडात ओढलं. खाली वाकून बराच वेळ पाहिलं. घरांच्या भिंती फोडून आलेला कापूस, असं काहीसं ते स्वतःशीच पुटपुटले, आणि त्यांचा आवाज जरा बदलला. बाहेरून येणाऱ्या माणसांचा आवाज आमच्या गावात असा बदलतो, हे आम्हाला एव्हाना सवयीचं होतं.

“मातीत कापूस घालायची कल्पना कोणाची?”

“माझी,” मी म्हटलं.

हेही खरंच होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी कालचं काही काढलं नाही, त्यांचाही तो फायदाच होता. रेखा माझ्या मागं दोन हातांवर उभी होती. मी वळून पाहिलं नाही, त्यामुळं तिचा चेहरा कसा झाला हे मला कधीच सांगता येणार नाही.

आमचं गाव निवडलं गेलं. यवतमाळला दोघांनी जायचं होतं. गटप्रमुख आणि आणखी एक. बाईंनी मला विचारलं, कोण नेतेस. रेखा कधीच यवतमाळला गेली नव्हती, मला माहीत होतं. पण तास-दीड तास गाडीत आणि दिवसभर टेबलामागं तिच्याशेजारी बसायचं, हे मला नको होतं. मी गजाननचं नाव सांगितलं. कापूस त्याचा होता, असं कारणही दिलं. गजाननला काय, त्याला काळी-पिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला मिळणार होतं.

निघायच्या सकाळी रेखा शाळेच्या फाटकाशी आली. हातात ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. उलगडून दाखवलं तर घर. माझ्या तळहातावर मावेल एवढं. उतरतं छप्पर, दाराला उंबरा, दाराच्या बाजूला पाण्याच्या रांजणाचा ओटा, भिंतीला निळीचं पाणी दिलेलं. एकही भेग नाही. तिनं घरच्या कापसातली सरकी एकेक काढून रुई केली होती आणि ती मातीत घातली होती. सगळ्या गावात असं एकही घर आम्हाला जमलं नव्हतं.

“फळीवर जागा नाही, मालूम हाय मले,” ती म्हणाली. “खाली टेबलावर ठेवजो. नाल्याच्या बाजूनं. तिकडंच त हाय ना आमचं घर.”

काल-परवाबद्दल तिनं अक्षर काढलं नाही. तिनं भांडावं असं मला वाटत होतं. भांडली असती तर मलाही काहीतरी बोलता आलं असतं.

यवतमाळच्या त्या हॉलचं मला फारसं काही आठवत नाही. लांबच लांब टेबलं, पांढरे कपडे अंथरलेले, फेविकॉलचा आणि नव्या कपड्यांचा वास, कुठंतरी सारखी वाजणारी विजेची घंटा. आमचे कोंब प्रवासात माना टाकायला लागले होते. फळी ठेवली, आणि नाल्यापलीकडं, पांढऱ्या कपड्यावर, मी रेखाचं घर ठेवलं. लांब गेल्यासारखं दिसत होतं म्हणून जवळ सरकवलं. मग पुन्हा तिच्या म्हणण्याप्रमाणं नाल्याइतकं अंतर सोडलं. एवढं एक काम मी त्या सबंध महिन्यात मन लावून केलं.

तासाभरानं परीक्षक फेरीवर आले. तेच, चष्मेवाले. बरोबर दोन पाहुणे होते, त्यांना ते आमच्या गावाबद्दल सांगत होते, कापसाबद्दल, उकललेल्या भिंतींबद्दल. बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली.

“हे बाहेर काय ठेवलंय? आणि ह्यात तर काही उगवलेलंही नाही. उचल बरं ते.”

ते रागावून बोलले नव्हते. साधं, टेबल आवरायला सांगतात तसं. हे रेखाचं घर आहे, एवढं चार शब्दांचं उत्तर मला देता आलं असतं. गजानन माझ्याकडं पाहत होता. पाहुणे थांबले होते.

मी घर उचललं आणि दप्तरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रेखा पाराशी माझी वाट पाहत होती. मी तिला फडक्यासकट घर दिलं. तिनं आधी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं, कुठं टवका उडाला का म्हणून. बल्लारपूरला नेणार होती ती. मग माझ्याकडं पाहिलं.

“ठेवलं होतं ना?”

“हो,” मी म्हटलं. “नाल्याच्या बाजूनं.”

“कोनी पाह्यलं का?”

“परीक्षकांनी पाहिलं. आणखी दोन पाहुणे होते.”

तिचा चेहरा असा उजळला की मला खाली पाहावं लागलं. फडकं नीट गुंडाळत ती म्हणाली, “तू लीडर होती म्हणून झालं वं. दुसरं कोणी असतं त ठेवूच नसतं देल्लं.”